लंगड्याचा फाटा

श्रीगोंद्याकडून येताना आमच्या फाट्यावर उतरायचं असेल, तर कंडक्टरला 'लंगड्याचा फाटा' असंच सांगा. दुसरं काही बोललात तर तो तुम्हाला पार पुढच्या गावाला नेऊन सोडेल, मग बसा उन्हात बोंबलत. आता तिथं मोठी निळी पाटी लागलीय, तिच्यावर वेगळं नाव आहे, पण लोकांच्या तोंडात बसलेलं काही केल्या सुटत नाही. त्या पाटीचीच गोष्ट सांगते. ऐकायची असेल तर चहा घ्या, नसेल तर बाक मोकळा करा, गिऱ्हाईक खोळंबलंय.

मी हमिदा. ही चहाची टपरी माझी. आमचे मालक गनीभाई नागापूरला एमआयडीसीत कामाला आहेत. रविवारचे येतात आणि झोपून काढतात. त्यामुळे दिवसभर मला सोबत म्हणजे हा रस्ता, आणि रस्त्यापलीकडचं पंक्चरचं दुकान. त्या दुकानात जे बसतात, त्यांच्यावरून फाट्याचं नाव पडलं. लहानपणी पोलिओ झाला, डावा पाय वाळून काठीसारखा झाला. काखेत कुबडी घेऊन चालतात. त्यांचं नाव कल्याण मारुती दरेकर.

हे नाव मला माहीत होतं, त्यांच्या बायकोला माहीत होतं, आणि बँकेला. बाकी कुणाला विचाराल तर डोकं खाजवतील.

या आमच्या भाऊंनी दुकान टाकलं तेव्हा मी नवी सून होते. तेव्हा लोक 'लंगड्या' म्हणायचे ते तोंड वाकडं करून म्हणायचे. "ह्यो लंगड्या ट्रॅक्टरचं टायर उचलनार व्हय?" असं त्यांच्या समोर विचारायचे आणि हसायचे. भाऊ आपले बसल्या जागी रिममध्ये लोखंडी टामी घालायचे, टायर उलटं करायचे, ट्यूब टबातल्या पाण्यात बुडवून बुडबुडा कुठं येतो ते बघायचे. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागायची, आणि भाऊंनी एकदा काढलेलं पंक्चर परत कधी उघडलं नाही. मग हळूहळू लोकांच्या आवाजातलं ते वाकडेपण गेलं. "लंगड्याकडं जा, फसवायचा न्हाई," असं म्हणायला लागले. शिवी होती ती पत्ता झाली. शहाण्यासुरत्या बायका, कपाळाला बुक्का लावणारे म्हातारे, सगळे तोंडभरून लंगड्या म्हणायला लागले आणि कुणाच्या मनात काही वाईट नसायचं. पाय तर कुणाच्या डोळ्यापुढं यायचाच नाही.

पुढं तर गंमतच झाली. पेट्रोल पंपाजवळ दुसऱ्या एकानं पंक्चरचं दुकान काढलं. चांगला धट्टाकट्टा गडी, पहाटे उठून पळायला जाणारा. तर एक ट्रॅक्टरवाला माझ्याकडं चहा पिता पिता दुसऱ्याला सांगतो, "आरं, पंपापशी बी एक लंगड्या बसतो की आता." मी म्हटलं, "अरे बाबा, त्याचे दोन्ही पाय धड आहेत!" तर तो माझ्याकडं येड्यासारखा बघायला लागला. म्हणतो, "पायाचा काय संबंध? पंक्चरवाला हाय ना?"

मी पलीकडं जाऊन भाऊंना सांगितलं. ते पोट धरून हसले. मग ट्यूब घासता घासता म्हणाले, "भाभी, टायरात खिळा घुसला की पयल्यांदा लई आवाज येतो. मग त्यो तितंच ऱ्हातो, झिजतो, गुळगुळीत व्हतो. गाडी चालत ऱ्हाती. पन खिळा हाय त्यो हायच की."

तर ते असं. मी त्यांना भाऊ म्हणायचे, कारण त्यांच्या बायकोला मी वहिनी म्हणायचे. झुंबरबाई तिचं नाव. काय बाई होती म्हणून सांगू! तोंडाची फाटकी आणि मनाची सोन्यासारखी. दुकानाच्या मागच्या खोलीत दोघांचा संसार. मूलबाळ झालं नाही. ती दिवसातून शंभर वेळा त्यांना हाक मारायची, पण जुनी माणसं ती, नवऱ्याचं नाव कसं घेणार? "आवं, ऐकलं का?" "आवं, भाकर गार व्हतीय." फार लाडात आली तर "येडं कुठलं माझं" म्हणायची. तिच्या तोंडात 'येडं' म्हणजे साखर होती. तोच शब्द तिनं एकदा एका टेम्पोवाल्याला वापरला तर तो गाडी सोडून पळाला होता.

पण संक्रांतीला मात्र झुंबर नाव घ्यायची. खोलीत हळदीकुंकू असायचं, गावातल्या दहाबारा जणी जमायच्या. मलाही बोलावणं असायचं, कुंकू नाही लावलं तरी तिळगूळ आणि वाण माझ्या हातात आधी पडायचं. बायका गलका करायच्या, "नाव घे, नाव घे!" झुंबर आधी नको नको म्हणायची, पदर तोंडाला लावायची, आणि मग घसा खाकरून घ्यायची:

"चाकात भरते हवा, दिव्यात भिजते वात,
कल्याणरावांचं नाव घेते, हातात देऊन हात."

दरवर्षी हाच उखाणा. बायका म्हणायच्या, "आगं, नवा कर की एखादा." ती करायची नाही. पण मला दारातून जे दिसायचं ते त्यांना दिसायचं नाही. बाहेर भाऊंचा हवेचा कॉम्प्रेसर धडधडत असायचा. "नाव घे" ऐकू आलं की ते हात लांब करून तो बंद करायचे. गिऱ्हाईक समोर ताटकळत उभं असलं तरी बंद. उखाणा संपेपर्यंत मान खाली घालून बसून राहायचे, मग परत बटन दाबायचे. वर्षातून एकदा माणसाला स्वतःचं नाव ऐकायला मिळायचं, तेही भिंतीपलीकडून. त्याच्यावर त्यांचं वर्ष निघायचं.

झुंबर गेली. किडन्या गेल्या तिच्या. नगरच्या दवाखान्यात खूप हेलपाटे झाले, आणि एका उन्हाळ्यात ती गेली ती गेलीच. त्यानंतरच्या संक्रांतीला भाऊंनी दुपारी एकदा कॉम्प्रेसर बंद केला. गिऱ्हाईक नव्हतं, काही नव्हतं. थोडा वेळ बसले आणि परत सुरू केला. मी इकडून बघत होते.

तेव्हापासून ते फार एकटे पडले. दुकान चालायचं, माणसं येत-जात होती, पण एकटेपण असं माणसांनी भरत नाही. कुणी मोबाईलवरून पैसे पाठवले की स्क्रीनवर त्यांचं नाव यायचं आणि गिऱ्हाईक घाबरायचं. "काका, हे कल्याण दरेकर कोण? चुकीच्या मानसाला गेलं काय?" भाऊ म्हणायचे, "न्हाई न्हाई, बराबर हाय. आपलंच मानूस हाय ते." आपलंच माणूस! मी असे दिवस मोजायला लागले असते तर वेडी झाले असते.

मग गावच्या शाळेत मोनिका मॅडम आल्या. नवीन, तरण्या, उत्साही. त्यांनी मुलांना घरचा पत्ता लिहायला सांगितला, तर निम्म्या पोरांनी लिहिलं 'लंगड्याच्या फाट्याजवळ'. मॅडमना फार वाईट वाटलं. संध्याकाळी बसची वाट बघत माझ्याकडं बसल्या होत्या, तशा उठून थेट पलीकडं गेल्या. मीही मागोमाग गेले, म्हटलं बघू तर खरं.

"काका," मॅडम म्हणाल्या, "तुमचं नाव काय?"

ट्यूब घासणारा भाऊंचा हात थांबला. मला वाटलं ऐकू गेलं नाही. पण ते आठवत होते हो, म्हणजे कसं सांगायचं असतं ते आठवत होते. मग एखाद्या शाळेतल्या पोरासारखं सरळ बसून म्हणाले, "कल्याण मारुती दरेकर."

"छान नाव आहे," मॅडम म्हणाल्या. "आणि लोक तुम्हाला असं म्हणतात, ते बंद झालं पाहिजे."

मॅडम गेल्या. भाऊ मला म्हणाले, "भाभी, लई वर्षांनी कुनी इचारलं बगा." आणि मग, माझ्याकडं न बघता, "फाट्याला जर कल्याणचा फाटा म्हनले, तर बसवाला रोज वरडंल की. दिसातनं दहादा."

एवढंच बोलले. पण मला कळलं. त्यांना मान नको होता, सत्कार नको होता. झुंबर गेल्यापासून बंद पडलेली एक हाक त्यांना परत ऐकायची होती, कुणाच्याही तोंडून का असेना.

मॅडमनी शाळेत पोरांना बजावलं, लंगडा म्हणायचं नाही, दिव्यांग म्हणायचं. पोरं फार आज्ञाधारक. आठ दिवसांत मागच्या मोकळ्या रानात क्रिकेट चाललं होतं, एका पोराच्या हातातून सोपा झेल सुटला, आणि दुसरा बोंबलला, "ए दिव्यांग! हात घरी ठिवले का?" सगळी पोरं खिदळली. भाऊ दुकानातून ऐकत होते. मला म्हणाले, "भाभी, नवा खिळा आला बगा बाजारात." हसले, पण या वेळी पोट धरून नाही.

मॅडमच्या आग्रहानं सव्वीस जानेवारीच्या आधी ग्रामसभा बोलावली. एरवी ग्रामसभेला चार टाळकी असतात, पण फाट्याचं नाव बदलायचं म्हटल्यावर गर्दी झाली. भाऊ इस्त्रीचा सदरा घालून आले होते, डोक्याला टोपी, मागच्या प्लास्टिकच्या खुर्चीत कुबडी मांडीवर आडवी धरून बसले. सरपंच रविराज बोलायला उठला. बोलायला वाघ आहे तो, फक्त काय बोलतो ते त्याला स्वतःला ऐकू येत नाही.

"मागची बॉडी आंधळी हुती!" तो म्हणाला. "लोकांची गाऱ्हानी ऐकायच्या टायमाला बहिरी हुती! असल्या पांगळ्या कारभारामुळं आपल्या गावात अपंग बांधवांचा अपमान हुत आला. आमी त्यो बंद करनार!"

टाळ्या पडल्या. मॅडम बिचाऱ्या कपाळाला हात लावून बसल्या. मी भाऊंकडं पाहिलं. ते टाळ्या वाजवत होते.

रविराज म्हणाला, "तर आजपासनं आपल्या फाट्याचं नाव, दिव्यांग फाटा!"

भाऊंचे हात तिथंच थांबले. आणि मग माझं डोकं फिरलं. मी उठले. गनीभाईंची बायको सभेत बोलतेय म्हणून चार माना वळल्या, वळू देत.

"सरपंच," मी म्हटलं, "तुमचा नवा शब्द पोरांनी आठ दिवसांत खराब केलाय, मागच्या रानात जाऊन ऐका. आज लंगडा, उद्या दिव्यांग, परवा आणखी काही आणाल. माणूस तोच, आणि तुम्ही त्याच्या पायालाच नावं ठेवत बसणार का? सगळा माणूस सोडून एक पायच तेवढा दिसतो का तुम्हाला? त्या माणसाला आई-बापानं नाव ठेवलंय. कल्याण. कल्याण मारुती दरेकर. ते लावा."

मग मागून कुणीतरी विचारलं, "ह्यो कल्याण कोन?"

"लंगड्या रे," शेजारच्यानं सांगितलं.

"आस्सं व्हय! मग लावा की. लंगड्या आपला चांगला मानूस हाय."

ठराव झाला. भाऊ घरी जाताना माझ्या पुढं चालत होते. कुबडीचा आवाज नेहमीपेक्षा जलद येत होता.

पाटी रंगवायचं काम माझ्या बहिणीच्या पोराला मिळालं, तौसीफला. श्रीगोंद्यात त्याचं पेंटिंगचं दुकान आहे, दोन लेकरांचा बाप आहे तो, अक्षर मोत्यासारखं. आसपासच्या सगळ्या कमानी, सगळ्या पाण्याच्या टाक्या, सगळी व्यासपीठं त्यानंच रंगवलेली. ग्रामपंचायतीतून त्याला फोनवर नाव सांगितलं, त्यानं पाटी करून आणली, कापडात गुंडाळून खांबावर चढवली.

सव्वीस तारखेला झेंडावंदन झाल्यावर सगळे फाट्यावर आले. नारळ फुटला. रविराजनं कापड ओढलं. निळ्यावर पांढरी अक्षरं, मोठी, ठसठशीत:

कै. कल्याण मारुती दरेकर चौक.

टाळ्या! कुणीतरी झेंडूचा हार आणला होता, तो पाटीला घातला. फोटो काढले. रविराज दोन शब्द बोलला. आणि या अल्ला, एकाच्याही ध्यानात आलं नाही! येणार कसं? पाटी म्हटली की तिच्यावर 'कै.' असतंच. जन्मल्यापासून सगळ्यांनी तशाच पाट्या पाहिलेल्या. पाटीखाली कैलासवासी स्वतः कुबडीवर उभे, हातात सत्काराची शाल आणि श्रीफळ. वाचायला त्यांना जरा वेळ लागला. एक एक अक्षर ओठ हलवत वाचलं. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. ती नजर मी विसरायचं म्हटलं तरी विसरणार नाही.

गर्दी पांगल्यावर मी तौसीफची अशी काढली की तो रंगाचा डबा टाकून पळायच्या बेतात होता.

"खाला, मला काय म्हाईत मानूस जिता हाय!" तो रडकुंडीला आला. "आजवर जित्या मानसाचं नाव चौकाला लिवलंच न्हाई मी. हात आपोआप 'कै.' पासनंच सुरू व्हतो. आत्ता पुसतो. निळा मारतो त्याच्यावर."

तो शिडी लावायला निघाला, तर भाऊंनी कुबडी आडवी घातली.

"नगं, पोरा. खाडाखोड दिसंल. नावाला डाग पडंल."

"अहो भाऊ, पण तुम्ही जिवंत आहात!" मी ओरडले. "असं कसं ठेवायचं ते?"

"ऱ्हाऊ द्या, भाभी." ते शालीची घडी घालत होते, परत मोडत होते, परत घालत होते. "नाव घेनारी गेली तवाच झालो की मी कैलासवासी. तौसीफनं काय, फकस्त लिवलं."

मला रडू आलं. रडले. तौसीफ खाली मान घालून शिडी घेऊन गेला.

मला वाटलं होतं, आता हाहाकार होईल. या रस्त्यानं किती गावची माणसं जातात! पाटी वाचतील, कुणीतरी धावत येईल, निदान फोन करेल, की अहो काय झालं, कसं झालं, परवा तर बघितलं होतं. मी दोन-चार दिवस वाटच बघत होते. एक फोन नाही. एक माणूस नाही. माणसं पाटीखाली गाडी उभी करून भाऊंकडूनच हवा भरून घ्यायची आणि निघून जायची. कारण कल्याण म्हणजे कोण, हे कुणाला माहीतच नव्हतं. ज्याला जिवंतपणी कुणी ओळखलं नाही, तो मेला तरी कुणाचं काय जातंय?

एकदा नगरकडची एक बाई नवऱ्याबरोबर गाडीतून उतरली. टायर बदलेपर्यंत पाटीकडं बघत होती. भाऊंना विचारलं, "काका, हे कल्याण दरेकर कोण होते हो?"

भाऊ नट आवळत होते. "हुता येक," ते म्हणाले. "पंक्चर काढायचा."

"चांगले असणार. चौकाला नाव दिलंय म्हणजे."

"बराच हुता," भाऊ म्हणाले. "बायकूचा लई लाडका हुता."

आणि बसवाला? तो अजूनही दारातून अर्धा बाहेर लोंबकळत तेच ओरडतो, "चला लंगड्याचा फाटा! लंगड्याचा फाटा उतरा!" थांबतो मात्र बरोबर पाटीखाली. दिवसातून दहादा.

मग मी एक ठरवलं. उखाणा घ्यायचा हक्क झुंबरचा होता, तो तिच्याबरोबर गेला. भाऊ म्हणून हाक मारली तर ती सगळ्या जगाच्या भावांना जाते. पण नावानं हाक मारायला तर कुणाचा ठराव लागत नाही! दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला चहा गाळला, टपरीच्या पुढं येऊन उभी राहिले, आणि सगळ्या फाट्याला ऐकू जाईल अशी खणखणीत हाक मारली, "कल्याणभाऊ! चहा!"

कॉम्प्रेसर बंद होता. रस्त्यावर गाडी नव्हती. ते ट्यूबवर रबराची चकती दाबत बसले होते, त्यांनी मानही वर केली नाही.

मी परत हाक मारली. "ओ कल्याणभाऊ!"

या वेळी त्यांचा हात थांबला. मान वर केली, पण माझ्याकडं नाही बघितलं. रस्त्याकडं बघितलं. या बाजूला, त्या बाजूला, मग वर पाटीकडं. तिथं कुणी उभं नव्हतं. आणि परत मान खाली घालून चकती दाबायला लागले.

ग्लास घेऊन मीच रस्ता ओलांडला, त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले. "अहो, तुम्हालाच बोलावतेय. ऐकू येत नाही का?"

ते माझ्याकडं बघत राहिले. डोळे भरून आले होते त्यांचे, हाताला चिकट सोल्यूशन लागलं होतं म्हणून मनगटानं पुसले.

"मला व्हय?" ते म्हणाले. "मला वाटलं, कुनी पाटी वाचतंय."